पाटी विजेची, चेहरा आपल्या माणसाचा

तुमच्या घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर काय दिसते? बहुतेक शेतकरी घरांत उत्तर एकच. वरच्या अंगाला देवादिकांच्या तसबिरी, त्यांच्या खाली एखादे दिनदर्शिकेचे पान, आणि बाजूला घरातली गेलेली माणसे. फेटा बांधलेले पणजोबा, ठसठशीत कुंकू लावलेली पणजी, वर लाकडी चोयट्यांचा हार. आता त्या तसबिरीकडे जरा नीट बघा. पणजोबा खरोखर असेच दिसत होते का? सांगणारे कोणी उरलेही नसेल.

आमच्या घरी सांगणारे होते, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची आई 2018 साली गेली. जन्मभर शेतात राबलेली बाई. फोटो काढून घ्यायला तिला सवड कधी मिळाली? शोधाशोध केली तेव्हा दोनच फोटो हाती लागले. एक मतदार ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. दुसरा धाकट्या बहिणीच्या लग्नातला, त्यात ती मागच्या रांगेत आणि निम्मा चेहरा कोणाच्या तरी फेट्याआड. तालुक्याच्या गावी एका दुकानात ते नेऊन दिले. आठ दिवसांनी भली मोठी रंगीत तसबीर मिळाली. चेहरा गोरापान, सुरकुती नावाला नाही, अंगावर पैठणी, गळ्यात मोत्यांच्या माळा. आमच्या आईच्या गळ्यात काळी पोत सोडून दुसरे काही कधी आम्ही पाहिले नाही. खांदे तर दुसऱ्याच कुठल्या बाईचे होते. आबांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा पुसला, बराच वेळ बघितले आणि विचारले, "ही कोण रं?"

ती तसबीर पुढे कपाटामागे भिंतीकडे तोंड करून राहिली. दुकानदाराला मी एकट्याला दोष देत नाही. गिऱ्हाईकच सांगत असते, जरा उजळ करा, जरा तरुण करा. गावातल्या फ्लेक्सच्या फलकांवर पाहा. उन्हातान्हात करपलेला माणूस फलकावर चढला की दुधात न्हाऊन निघाल्यासारखा दिसतो.

भिंतीवर आज जी तसबीर आहे ती 2022 साली माझ्या पुतणीने घरात बसून काढली. रंगाची डबी नाही, कुंचला नाही, पाण्याची वाटी नाही. एक काळी पाटी, एक पेन आणि घरचा जुना कॉम्प्युटर, एवढाच पसारा. या पाटीला टॅबलेट म्हणतात. (आमच्या आबांना पहिले चार दिवस वाटत होते की पोरगी आजारी आहे.)

ही पाटी आहे तरी काय?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेनाने चित्र काढण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलंड या संशोधकाने 1963 साली पडद्यावर प्रकाशाचे पेन टेकवून रेघा ओढून दाखवल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या रँड संस्थेने पडद्यापासून वेगळी, टेबलावर ठेवायची पाटी तयार केली. जपानची वॅकॉम ही कंपनी 1983 साली निघाली आणि पुढे तिने पेनाची वायरही काढून टाकली, पेनातला सेलही काढून टाकला.

सेल नाही, वायर नाही, मग पेन चालते कसे, हे विचारण्यासारखे आहे. पाटीच्या पोटात उभ्याआडव्या बारीक तारांचे जाळे असते. चौफुलीवर कापूस लावताना शेतात जशा रेघा पाडतात तसे. त्या तारांतून वीज खेळते आणि पाटीवर चुंबकाचा प्रभाव पसरतो. पेनातल्या वेटोळ्याला तो लागला की तेवढ्यावर ते जागे होते आणि उलट खूण देते. खूण कोणत्या तारांवर जोरात आली, त्यावरून पेन कुठे आहे ते कळते. शिवाय टोकावर किती दाब पडला तेही कळते. नांगराच्या रुमण्यावर जोर दिला की तास खोल जातो, हात सैल सोडला की वरवर निघतो; इथे जोर दिला की रेघ जाड आणि गडद होते, हलका हात ठेवला की केसासारखी बारीक. आजच्या पुष्कळ पाट्या दाबाच्या 8192 पायऱ्या ओळखतात असे खोक्यावर छापलेले असते. माणसाच्या हाताला त्यांतल्या शे-दोनशेही सांभाळता आल्या तरी पुष्कळ झाले, असे माझे मत.

साधी पाटी घेतली तर एक अडचण येते. हात टेबलावर आणि चित्र समोरच्या पडद्यावर. पहिले आठ-पंधरा दिवस रेघ भलतीकडेच जाते. पण चाड्यावर मूठ धरणारी बाई हाताकडे कुठे बघते? सवयीने जमते. पाटीतच पडदा असलेलेही प्रकार मिळतात, त्यांत चित्र पेनाच्या टोकाखालीच उमटते. पण त्यांची किंमत साध्या पाटीच्या कितीतरी पट. शिकणाऱ्याला साधी पाटी पुरते आणि ती तीन-चार हजार रुपयांपासून मिळते. काही पाट्या मोबाइललाही जोडता येतात, म्हणजे कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. तिला वेगळी वीज लागत नाही, कॉम्प्युटरच्या किंवा मोबाइलच्या वायरीतून मिळेल तेवढ्यावर चालते. रबरी टोकाचे स्वस्त पेन मोबाइलच्या काचेवर चालते खरे, पण त्याला दाब कळत नाही. ते बोटाने काढल्यासारखेच. रंगकामासाठी क्रिता नावाचा प्रोग्राम आहे, तो फुकट मिळतो आणि चांगला आहे. पुतणीने त्यावरच काम केले. महागड्या प्रोग्रामची चोरटी प्रत कोणी देऊ केली तर घेऊ नका. तिच्याबरोबर कॉम्प्युटरला कीड लागायची भीती असते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे पोरासोरांचे खेळ. तसे नाही. डेव्हिड हॉकनी हा इंग्लंडचा नामांकित चित्रकार सत्तरी उलटल्यावर, 2009 साली, मोबाइलवर बोटाने चित्रे काढू लागला आणि पुढे आयपॅडवर. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या जुन्या चर्चमध्ये 2018 साली राणी एलिझाबेथच्या नावाने रंगीत काचांची एक मोठी खिडकी बसवली, तिचे चित्र त्याने आयपॅडवरच तयार केले होते. आणि काढले काय, तर शेताच्या कुंपणाला येणाऱ्या काटेरी झुडपांचा बहर!

पाटी चित्र काढत नाही

आता मुख्य गोष्ट. पाटी विकत आणली म्हणून चेहरा काढता येत नाही. पुतणीने शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, वहीच्या वह्या पेन्सिलीने भरल्या होत्या. तरीसुद्धा आजीचा चेहरा काढायला घेतल्यावर पहिला आठवडा तिने पेन हातात धरलेच नाही. ती घरभर विचारत फिरली. आजीचा भांग मधोमध होता की बाजूला? कपाळावर गोंदण होते ते किती ठिपक्यांचे? चमकी कुठल्या बाजूला?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नाही. मोबाइलवर स्वतःचा स्वतः काढलेला फोटो पुष्कळदा आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. जुन्या फोटोची काच उलटी धरून छापल्यानेही असे व्हायचे. आपल्याकडे चमकी बहुधा डाव्या नाकपुडीत असते. फोटोत ती उजवीकडे दिसली तर फोटो उलटा असण्याचा संशय घ्यावा आणि घरातल्या जाणत्या माणसाला विचारावे. नाहीतर सगळा चेहराच उलटा निघतो आणि काय चुकले ते कोणाला सांगता येत नाही, फक्त "ओळखीची वाटते पण ती नव्हे" असे वाटत राहते.

ओळखपत्राच्या फोटोत दुसरी खोट असते. समोरून झगझगीत उजेड पाडून तो काढलेला. नाकाची सावली नाही, गालाचा उंचवटा नाही, डोळ्यांची खोबण नाही. चेहरा भाकरीसारखा सपाट. आणि चित्रात चेहरा उभा राहतो तो सावलीने. म्हणून पुतणीने काय केले, तर आईची सख्खी बहीण, आमची मावशी, हिला बोलावून घेतले. सकाळी दहाच्या सुमारास तिला दारात पाट टाकून बसवले, एका बाजूने उजेड येईल असे. तिचा चेहरा उतरवायचा नव्हता. त्या वयाच्या, त्या घराण्यातल्या कपाळावर आणि गालफडावर उजेड कसा पडतो आणि सावली कुठे साचते, ते शिकायचे होते. मावशी तासभर बसली, बसल्या बसल्या तिने तांदूळही निवडले.

काढायची सुरुवात तिने रंगाशिवाय केली, नुसत्या काळ्या-करड्या छटांत. डोळे बारीक करून पाहिले की तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे दिसतात. आधी ते तुकडे जागच्या जागी बसवायचे. नवशिका पहिल्यांदा पापण्या आणि भुवया कोरत बसतो आणि तिथेच फसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे डोळे फार वर काढणे. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत मापले तर डोळे जवळजवळ मध्यावर येतात. केस आणि पदर असल्यामुळे आपल्याला तसे वाटत नाही. दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याएवढे अंतर असते. पण ही मापे तरुण, भरल्या चेहऱ्याची. म्हातारपणी दाढा पडल्या की नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठ आत ओढले जातात. दुकानातल्या त्या तसबिरीत आईला पुरती बत्तिशी बहाल केली होती, तिथेच निम्मी आई गेली.

मग रंग. शेतात राबणाऱ्या माणसाचा रंग एक नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावे? कपाळ पदराखाली असल्याने जरा उजळ, गालाची हाडे करपलेली, कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा तांबूस. सावळ्या कातडीवर सावली दाखवायला काळा रंग मिसळला तर चेहरा राखेने माखल्यासारखा होतो. तिथे गडद तांबडा, वांगी रंगाकडे झुकणारा तपकिरी घालावा लागतो. आणि उजेडाच्या जागी नुसता पांढरा घातला तर पीठ लावल्यासारखे दिसते. उघड्या आभाळाचा उजेड असेल तर तिथे किंचित निळसर झाक असते. काळ्या रानात नांगरट झाल्यावर ढेकळाची ओली कड उन्हात कशी चमकते, ते आठवा. पुतणी म्हणते, आजीच्या गालाचा रंग मला त्यावरून सापडला.

पुसता येते म्हणून विचारता येते

कागदावरच्या चित्रात आणि या चित्रात खरा फरक आता येतो. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे हातात समई घेतलेल्या बाईचे चित्र तुम्ही कुठे ना कुठे छापलेले पाहिले असेलच. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. हळदणकरांनी ते जलरंगात काढले, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. जलरंगात चुकले की चुकले; ओल्या रंगाला परत बोलावता येत नाही. तिथे हात उस्तादाचाच हवा.

पाटीवर मात्र चुकलेली रेघ एका खुणेसरशी परत जाते. शिवाय चित्र थरांत काढता येते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे: एकावर रेघा, एकावर सावल्या, एकावर रंग, एकावर केस. एक थर बदलला तरी खालच्याला धक्का नाही. चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहता येते, मग वाकडा झालेला जबडा ताबडतोब डोळ्यांत भरतो.

या सोयीचा उपयोग कशाला करायचा, हा प्रश्न आहे. पुष्कळ जण तो गोरे करायला, सुरकुत्या घालवायला, दागिने चढवायला करतात. आता तर नुसते सांगितले की मोबाइल चित्र तयार करून देतो, अंधूक फोटो धारदार करून देतो. पण नखाएवढ्या फोटोत जे मुळात नाही ते तो कुठून आणणार? हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधून तो जागा भरतो. डोळा छान येतो, पण तो तुमच्या आईचा असेलच असे नाही. आमच्याकडेही एका भाच्याने असे करून आणले होते. सुबक होते. आबांनी नुसती मान हलवली.

पुतणीने पुसण्याच्या सोयीचा उपयोग वेगळा केला. रोज संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, ती आबांना पडद्यासमोर बसवी आणि विचारी, "आबा, आज कोण दिसतंय?" पहिल्या दिवशी आबा म्हणाले, "तुझी आत्या." तिसऱ्या दिवशी, "तिची आई दिसतीया, माझी सासू." घराणे सापडले होते, माणूस सापडायचे होते. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. डावा डोळा हसताना जास्त बारीक व्हायचा. उजव्या भुवईला लहानपणी विळ्याची खोक पडली होती, तिथे केस नव्हते. ही खोक आम्हा मुलांपैकी एकाच्याही लक्षात नव्हती! मावशीने सांगितले की कानांची भोके बुगड्यांच्या वजनाने ओघळली होती. चुलत्यांचे म्हणणे पडले की चेहरा एवढा शांत नको, ती कायम काहीतरी सांगायच्या बेतात असायची. हे काय रंगाने दाखवायचे? पुतणीने ओठ किंचित विलग केले आणि मान दोन बोटे पुढे घेतली. एक जण म्हणाला बरोबर, दुसरा म्हणाला नाही, तर तिने दोन्ही थर ठेवले आणि आलटूनपालटून दाखवले. कागदावर तेल रंगाने काढणाऱ्याला अशी पंचायत रोज भरवणे परवडले असते का? त्याने तिसऱ्या दिवशी कुंचले गुंडाळले असते.

अठराव्या संध्याकाळी आबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पदर असा नाही. कानामागं खोवायची." तेवढे झाल्यावर पुतणीने काम थांबवले.

छापण्याबद्दल दोन शब्द सांगतो, कारण इथे पुष्कळांचे चित्र वाया जाते. सुरुवातीलाच चित्राचा आकार मोठा घ्यावा. 12 इंच बाय 18 इंचांची तसबीर चांगली छापायची तर इंचाला 300 ठिपके धरून चित्र 3600 बाय 5400 ठिपक्यांचे हवे. लहान काढून मागून ताणले की ते फाटल्यासारखे दिसते. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही, म्हणून छापल्यावर चित्र नेहमी थोडे गडद येते. सावळा चेहरा तर आणखी गडद येतो, आणि मग दुकानदार आपल्या मनाने तो उजळ करून टाकतो. त्याला बजावून सांगा, हात लावू नकोस. आणि आधी पोस्टकार्डाएवढी एक प्रत काढून घरी आणून उन्हात बघा. आमच्या दोन प्रती बाद झाल्या. फ्लेक्सवर छापू नका, ते दुरून बघायचे साधन. बिनचकाकीच्या फोटो कागदावर छापावे आणि काच लावून घ्यावी. दुपारचे ऊन पडते ती भिंत टाळावी. पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर चौकटीच्या मागे बुचाचे चार तुकडे चिकटवावेत, म्हणजे वारा खेळतो. आणि थरांसकट असलेली मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. कॉम्प्युटर बंद पडला तर कागदाच्या चित्रासारखे ते माळ्यावर सापडत नाही.

यात पैसा आहे का, असेही काही पालक विचारतील. थोडाफार आहे. गावातून आणि पाहुण्यांकडून पुतणीला अधूनमधून कामे येतात आणि तिच्या शिक्षणाचा वरखर्च निघतो. त्याच्यावर प्रपंच चालेल असे मी सांगणार नाही, आणि मुलाने चित्रकलेच्या आधी महागड्या पाटीचा हट्ट धरला तर त्याच्या हातात खुशाल पेन्सिल द्या. वर्षभर टिकला तर मग पाटी आणा. काम घेऊन कोणी आले की पुतणी फोटो हातात घेण्याआधी एकच विचारते: यांना बघितलेले घरात कोण आहे? त्यांना बरोबर आणाल का? काही जणांना हे चालत नाही, ते दुसरीकडे जातात.

आईची तसबीर लावली त्या दिवशी आबा खुर्ची ओढून समोर बसले होते. जेवायला बोलावले तरी उठेनात. मग पुतणीला हाक मारून म्हणाले, "आता माझं बी काढून ठेव. मी हाय तवर बसतो तुझ्यापुढं, नंतर कुणाला इचारशील?" दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते दारात पाटावर येऊन बसले. दाढी केलेली नव्हती. टोपी दोन ठिकाणी दंड घातलेली. "बदलू का गं?" म्हणाले. पुतणी म्हणाली, "राहू द्या, आबा."